बंद केली की चालू होते

माझ्या मोटरसायकलचा हॉर्न पहिल्यांदा आपणहून वाजला तेव्हा मी सिग्नलला उभा होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पुढे एक धिप्पाड गृहस्थ आपल्या गाडीवर निवांत बसले होते आणि लाल दिवा सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. अशा वेळी हॉर्न वाजवणाऱ्या माणसाबद्दल माझं जे मत आहे तेच त्यांचंही असावं, कारण मान वळवून ते माझ्याकडे तसंच बघायला लागले. मी दोन्ही हात हँडलवरून उचलून वर धरले. मी नाही, गाडी! हॉर्न वाजतच राहिला. हात वर करून हॉर्न वाजवणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसणार. काही न बोलता ते पायाने गाडी ढकलत पलीकडच्या रांगेत गेले.

कुरबुरी त्याआधीही होत्याच. इंडिकेटर उजवीकडे लावला की बटण अंगठ्याने दाबून धरावं लागे. सोडलं की त्याचा विचार बदलायचा. चाक खड्ड्यात गेलं की हेडलाइट समोरच्याला डोळा मारायचा. उजवीकडचा किल स्विच तर इतका ढिला झाला होता, की बाहीचं टोक लागलं तरी इंजिन बंद. मेकॅनिकने दोन्ही बाजूंची बटणं खाली-वर करून पाहिली, ‘कार्बन धरलाय’ म्हणाला आणि कंपनीच्या नव्या जोडाचा आकडा सांगितला. मी आधी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गाडीच विकत घ्यायला सांगतोय की काय?

त्या रात्री मी ऑनलाइन डाव्या-उजव्या स्विचचा एक जोड मागवला. कंपनीच्या जोडातल्या एका बटणाच्या भावात अख्खा जोड, वर ‘सर्व गाड्यांना चालेल’ अशी हमी.

“मेकॅनिककडूनच बसवून घे ना,” बायको म्हणाली.

“चार वायरी जोडायला मेकॅनिक कशाला?”

“गिझरच्या वेळी तू हेच म्हणाला होतास.”

गिझरचा विषय आमच्याकडे संपलेला नाही. तो इथे नको.

रविवारी सकाळी जुना स्विच उघडला. आत पितळेच्या चिमुकल्या पट्ट्या, त्यांवर हिरवट थर, वाळून मेण झालेलं ग्रीस आणि बटणाला जागच्या जागी ‘टक्’ करून थांबवणारा एक छर्रा असतो. असतो म्हणजे होता. त्याच्याखाली स्प्रिंग असते, हे मला छर्रा कानाजवळून गेल्यावर कळलं. खरं सांगायचं तर त्या पट्ट्या स्प्रे आणि जुन्या टूथब्रशने घासून ग्रीसचं बोट लावलं असतं, तर निम्मं दुखणं तिथेच बरं झालं असतं. पण नवा जोड खोक्यात वाट बघत असताना जुन्याच्या औषधपाण्यात कुणाचं मन लागतं? त्यात छर्राही परागंदा. मी पकडीने जुन्या वायरी कचाकच कापल्या. कोणती वायर कुठे जात होती याचा फोटो काढायला हवा होता, हे शेवटची वायर तुटताना आठवलं.

‘सर्व गाड्यांना’ याचा अर्थ एवढाच, की बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्याभोवती हा स्विच आवळता येतो. एवढंच साम्य. स्विच फिरू नये म्हणून त्याच्या पोटात एक टोचा असतो आणि तो नळीतल्या भोकात बसतो. माझ्या नळीचं भोक खाली, नव्या स्विचचा टोचा वर. कानशीने टोचा उडवला. तेव्हापासून स्क्रू कितीही आवळले तरी जोरात वळताना सगळी बटणं किंचित माझ्याबरोबर वळतात.

मग वायरी. जुन्या डाव्या स्विचच्या नऊ, नव्याच्या सात. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. वायरींची कारखान्याच्या फाटकातच बदलते. होंडात हिरवी वायर म्हणजे अर्थ (अर्थिंगमधला), विजेची परतीची वाट. तीच कावासाकीत डावा इंडिकेटर. यामाहाचा अर्थ काळा, सुझुकीचा काळ्यावर पांढऱ्या रेघेचा. नव्या स्विचच्या वायरी यांपैकी कुणाच्याच घरच्या नव्हत्या. सोबतच्या कागदावर आकृती होती, पण ती दुसऱ्याच स्विचची.

शेवटी वायरी तपासायचा मीटर काढला, मुलीला बटणांवर बसवलं आणि एकेक वायर धरून, जोड लागला की तो करतो ते ‘टीं’ ऐकत बसलो.

“बाबा, डिपर दाबू?”

“दाब.”

“टीं नाही झालं. हॉर्न दाबू?”

“डिपरच दाब.”

“मी हॉर्नच दाबलेला, आता टीं झालं ना?”

दुपारपर्यंत इंडिकेटर लागले. हॉर्न मात्र बटण दाबलं तरी गप्प. बऱ्याच वेळाने उलगडा झाला: माझ्या गाडीत हॉर्नला १२ व्होल्ट आधीच पोचलेले असतात आणि बटण फक्त त्याला अर्थ देतं. नव्या स्विचचं बटण अर्थ देत नाही, तेही १२ व्होल्टच देतं. हॉर्नच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब. दोन्ही टाक्या एकाच उंचीवर असल्या तर मधल्या नळीतून पाणी कशाला हलेल? हे समजताच मी उत्साहाने एक अंग थेट अर्थला लावलं आणि किल्ली फिरवली. मग हॉर्न असा सुरू झाला की थांबेना, कारण आता बटणाला काही कामच उरलं नव्हतं. वरच्या खिडकीतून बायकोने फक्त पाहिलं. एवढ्या लांबूनही मला त्यात गिझर दिसला. हॉर्नची कायमची वीज काढून घेतली आणि ती बटणाकडून येईल असं केलं, तेव्हा कुठे तो माणसात आला.

रात्री चक्कर मारताना डावा अंगठा शेकला. हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो आणि ते सगळे त्या केसासारख्या वायरींतून आणि नखाएवढ्या पट्टीवरून जात होते. दुसऱ्या दिवशी मध्ये रिले टाकला, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा स्विच. आता बल्बचा भार रिले वाहतो, स्विचकडे फक्त रिलेला उठवण्यापुरती, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज. रिले, त्याचा सॉकेट, जाड वायर, फ्यूज, नवा मीटर (जुना तपासता तपासता जळला) यांची बेरीज मी कागदावर केली आणि कागद फाडला.

राहिला किल स्विच. काही गाड्यांत तो वीज तोडून इंजिन बंद करतो. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज इंजिनावरच तयार करणाऱ्या, गाड्यांत उलट, वायर अर्थला टेकवून ठिणगी विझवतो. माझी गाडी पहिल्या जातीची, स्विच दुसऱ्या. म्हणजे बटणावर ‘चालू’ असताना आत तोडलेलं आणि ‘बंद’ असताना जोडलेलं. वायरींची अदलाबदल करून पाहिली, पण दोनच वायरी. कशाही लावा, फरक शून्य. तेव्हा मी ते तसंच ठेवलं. बायकोला सांगितलं की ही चोरापासूनची व्यवस्था आहे. चोर आला की बटण ‘चालू’वर करणार आणि स्टार्टर दाबत बसणार.

पहिले चार दिवस चोर मीच होतो.

परवा सिग्नलला उभा होतो. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन थांबले. तेच होते की कसे, हेल्मेटमुळे सांगता येत नाही. त्यांची नजर माझ्या उजव्या मुठीकडे गेली. बोट पुढे करून ते अगत्याने म्हणाले, “साहेब, किल स्विच बंद आहे तुमचा.” मग त्यांचं लक्ष गेलं धडधडणाऱ्या इंजिनाकडे. मग पुन्हा बटणाकडे. मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार तोच ते पायाने गाडी ढकलत पलीकडच्या रांगेत गेले.