रस्ता कसा काढावा

शहराच्या पोटातून फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला वेगवान महामार्ग, काढायचं मनात आलंय? मग आधी मराठीचे आभार माना. आपल्याकडे 'रस्ता काढणे' म्हणजे नवा रस्ता करणं, आणि असलेला काढून टाकणंही. अमेरिकेनं दोन्ही करून बघितलंय, तेव्हा शिकायचं तर तिथूनच.

पैशांची काळजी नको. 1956 च्या महामार्ग कायद्यानं आंतरराज्य रस्त्यांच्या खर्चातले 90 टक्के केंद्र सरकारनं उचलले. पंगत दुसऱ्याची असताना कोणाच्या अंगणात पानं मांडताय, हे कशाला बघायचं!

जागा शोधायला जुने नकाशे उघडा. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या होत्या. अर्थ असा की इथे कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घराला भाव नाही. पंचवीसेक वर्षं कळ काढलीत की वस्ती आपोआप 'बकाल' होते आणि तुमचा रस्ता 'शहर सुधारणा'. अशा वस्त्या नेमक्या सरळ रेषेच्या आड कशा येतात, हे भूमितीलाच ठाऊक.

न्यू ऑर्लीन्सचा धडा तर पाठच करा. तिथे न्यूयॉर्कचे बडे रस्तेबांधणीकार रॉबर्ट मोझेस यांनी 1946 साली नदीकाठानं, फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या ऐतिहासिक भागाच्या नाकासमोरून उंचावरचा रस्ता सुचवला होता. तिथे लोखंडी नक्षीचे सज्जे, पर्यटक आणि ओळखीपाळखीची माणसं. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि 1969 साली केंद्रीय वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी तो रस्ता रद्द केला. वारसा वाचला, फार छान झालं.

थोडं पलीकडे, ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत, क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यू होता. रस्त्याच्या मधोमध रुंद हिरवा पट्टा, त्यावर ओकच्या रांगा. खाली पोरं खेळायची, रविवारी डबे उघडायचे, मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या सणाला पिसांचे पोशाख घालून माणसं नाचायची. दोन्ही अंगांना शिंपी, औषधांची दुकानं, विमा कंपन्या, सगळं त्यांचं स्वतःचं. तिथले लोक त्या पट्ट्याला 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात, म्हणजे तटस्थ भूमी. 1966 साली ओक तोडले आणि मग पट्ट्यावर उंचावरच्या फ्रीवेचे खांब उभे राहिले. नदीकाठचा वाद मिटायच्या आत इकडची झाडं जळणाला लागलीसुद्धा! तुम्हीही हाच क्रम ठेवा, म्हणजे आधी कुऱ्हाड आणि मग सुनावणी. हटवलेल्यांना मदत देण्याचा सर्वंकष केंद्रीय कायदा 1970 साली आला, त्याच्या आत पूल उभा करा.

वस्ती संपेल अशी भीती मात्र बाळगू नका. लोक अजूनही त्याच पुलाखाली जमतात, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वाजवतात. काँक्रीटखाली आवाज घुमतोही झकास. हा सांस्कृतिक लाभ प्रकल्प अहवालात जरूर घाला.

आता काढण्याचा दुसरा अर्थ. मतदान घेऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोत 1986 साली किनाऱ्यालगतचा उंचावरचा एम्बार्काडेरो फ्रीवे पाडायला मतदारांनी नकार दिला होता. 1989 साली भूकंप झाला आणि 1991 साली पाडकाम सुरू झालं. पूल गेल्यावर पाणी दिसलं, पाणी दिसल्यावर भाव दिसले. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरानं तर शहराला वेढणाऱ्या खोलगट रस्त्याचा पूर्वेकडचा तुकडा 2017 पर्यंत मातीनं बुजवला. तिथे आता इमारती आहेत. मोकळ्या झालेल्या जमिनीवर मूळच्या लोकांना परत बोलवायची घाई नको. साठ वर्षांनी पत्ते कुठे शोधत बसणार? पत्ता होता ती गल्लीच राहिलेली नसते.

क्लेबोर्नचा पूल पाडा, असं तिथेही पुष्कळ लोक म्हणतात. तुमच्यावर तशी वेळ आली तर एक हुकमी हरकत तयार ठेवा. त्या पुलाच्या खांबांवर चित्रकारांनी ओकची झाडं रंगवली आहेत, बुंध्यापासून फांद्यांपर्यंत. पूल पाडायचा म्हणजे एवढी झाडं तोडावी लागणार, आणि पर्यावरणप्रेमी म्हणून तुमच्या मनाला ते कसं पटेल?