हवा जितकी वाईट, तितका स्टीलहेड जास्त? फिरत्या मजकुराला उत्तर

डिसेंबर लागला की न्यू जर्सी आणि न्यू यॉर्ककडच्या गरवण्याचा नाद असलेल्या आपल्या मराठी मंडळींत एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. त्याचा सारांश असा: न्यू यॉर्क राज्यातल्या सॅमन रिव्हर नदीवर स्टीलहेड मासा हवा असेल तर हवा जितकी वाईट तितकी उत्तम. उजाडायच्या आत पाण्यात उभं राहा. वेडर्समध्ये (पाण्यात उभं राहायला घालतात त्या छातीपर्यंतच्या जलरोधक पँटमध्ये) पाणी शिरलं तर माणूस तळाला जातो, तेवढं जपा. थंडी वाजली तर ब्रँडीचे दोन घोट घ्या. सोबत मित्र असला की काळजी नाही. आणि मासा थंड पाण्यातलाच, तेव्हा फोटो काढताना घाई नको.

मी या नदीवर एका जुन्या मित्राबरोबर बरेच हिवाळे गरवतो आहे. कडाक्याच्या थंडीत तिथं जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही, कारण जानेवारीतल्या त्या नदीइतकं मला फार थोडं आवडतं. पण हा मजकूर वाचून कुणी पहिल्यांदा पाण्यात उतरणार असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिला दावा हवेचा. तो सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. फरक इतकाच की तो नदीत जन्मून मोठ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. वॉशिंग्टन राज्यातल्या होह किंवा सोल डक या नद्यांवर वाईट हवा म्हणजे पाऊस. पावसानं नदी फुगते, समुद्रातून ताजे मासे वर चढतात, आणि पाणी उतरून निवळू लागलं की गरवणाऱ्यांना सोन्याचे दिवस येतात. तिथं हा नियम खरा आहे. तिथंही चांगला दिवस वादळाचा नसतो, वादळानंतरचा असतो, ही गोष्ट वेगळी.

सॅमन रिव्हर मात्र ऑन्टारिओ सरोवराला मिळते. तिथल्या हॅचरीतला, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातला स्टीलहेड वॉशिंग्टनच्या वाणाचा असला तरी हवा वॉशिंग्टनची नाही. इथं वाईट हवा म्हणजे लेक इफेक्ट बर्फ. कॅनडाकडून येणारा कोरडा गार वारा सरोवराच्या त्या मानानं उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि टग हिल पठारावर चढताना ते बर्फ करून टाकतो. ऑन्टारिओ सरोवर खोल आहे, सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे हा कारखाना हिवाळाभर चालू राहतो. फेब्रुवारी 2007 मध्ये याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रेडफील्डमध्ये एका वादळात 141 इंच बर्फ पडलं. म्हणजे जवळजवळ 12 फूट. आणि बर्फ नदी फुगवत नाही. ते जिथं पडतं तिथंच वसंतापर्यंत पडून राहतं. शिवाय काठावरच्या पुलास्की गावापर्यंतच्या नदीची पातळी मुख्यतः वरच्या वीजनिर्मितीच्या धरणातून किती पाणी सोडतात यावर ठरते, डोक्यावर काय पडतंय यावर नाही.

उरतं पाण्याचं तापमान, आणि मासा त्याचंच ऐकतो. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पाणी 1 अंश सेल्सिअसला आलं की त्याचं सगळं चलनवलन मंदावतं. तो धारेतून हलून खोल, संथ डोहात बसतो आणि आमिषासाठी हातभरही सरकत नाही. गाभोळीची पुडी अगदी त्याच्या तोंडासमोरून, प्रवाहापेक्षा जराही वेगानं न जाता, वाहत गेली तर कदाचित घेईल. पारा एकदम कोसळतो त्या दिवशी तर तो बहुधा तोंडच उघडत नाही. आम्हाला चांगले दिवस मिळाले ते ढगाळ, वारा पडलेले, आदल्या दिवसापेक्षा थोडे उबदार. पाणी 1 वरून 2 अंशांवर जाणं आपल्याला कळतसुद्धा नाही. डोहातल्या माशाला कळतं.

रस्त्याचंही बोललं पाहिजे. लेक इफेक्टचे पट्टे अरुंद असतात. आय-81 महामार्गावर सिरॅक्यूज शहराच्या पुढे स्वच्छ उन्हातून दोनचार मैलांत समोरची गाडी दिसेनाशी होते. सर्वांत वाईट दिवस निवडून निघणाऱ्याला खरा धोका नदीच्या आधीच गाठतो.

उजाडायच्या आत पाण्यात उभं राहण्याचा सल्ला शरद ऋतूतला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काठावर गर्दी असते, डोह ढवळून निघण्याआधी पहिला गळ पडावा म्हणून पहाट गाठतात. जानेवारीत पहाटेचं पाणी दिवसातलं सर्वांत गार असतं. कडक थंडीच्या रात्रीनंतर खळाळत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण तयार होऊन प्रवाहात लगदा वाहू लागतो, दोरीवरचा तरंगता फ्लोट त्यात अडकतो, रॉडच्या कड्या गोठून दोरी सरकत नाही. दहाला उतरा, दुपारी दोनपर्यंत मन लावून गरवा. दिवसाचं खरं फळ त्यातच आहे.

आता वेडर्स. ही भीती इतकी जुनी आहे की ली वुल्फ या नामांकित अमेरिकन गरवणाऱ्यानं ती खोडण्यासाठी वेडर्स घालून पुलावरून नदीत उडी मारून दाखवली होती. वेडर्समधलं पाणी पाण्यातच असताना तुम्हाला खाली ओढत नाही. पाण्यात पाण्याला वजन कुठलं? ते वजन जाणवतं काठावर चढताना, आणि तेव्हा फार जाणवतं. कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा तो पाणी आत कमी शिरावं म्हणून, आणि हा पट्टा न बांधता आमच्यापैकी कुणीही पाण्यात पाऊल टाकत नाही.

खरा मारेकरी गारठा आहे, आणि मजकुरात त्याबद्दल एक शब्द नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगानं ओढून घेतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेश्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला, स्वतः अशा पाण्यात उतरून. त्यांचा 1-10-1 हा हिशेब प्रत्येक गरवणाऱ्याला पाठ हवा. पहिलं 1 मिनिट: पडताक्षणी छातीत हवा खेचली जाते, श्वास आवरत नाही, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यातच बुडायला होतं. या मिनिटात फक्त तोंड वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. पुढची 10 मिनिटं: हातपाय अजून ऐकतात, बाहेर पडायचं ते यातच. त्यानंतर बोटं दोरीसुद्धा धरू शकत नाहीत. शुद्ध हरपायला मात्र साधारण 1 तास लागतो. म्हणजे बर्फाळ पाण्यात माणूस पाच मिनिटांत गोठून मरतो हेही खोटं. हे कळलेला माणूस घाबरून हातपाय झाडत नाही, आणि त्यामुळेच वाचण्याची शक्यता वाढते.

बुटांच्या तळव्यांचंही इथंच सांगतो. फेल्टचे, म्हणजे नमद्याचे तळवे ओल्या दगडावर छान धरतात, पण बर्फातून चालताना त्यांच्याखाली बर्फाचे गोळे साचतात आणि पाय मुरगळतो. हिवाळ्यात रबरी तळवा आणि धातूचे खिळे. पर्याय नाही.

ब्रँडीचं थोडक्यात. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, कातडीला ऊब वाटते, आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. वर अक्कल मंदावते, ती वेगळी. थर्मासमध्ये आल्याचा गोड चहा न्या. साखर शरीराला जाळायला इंधन देते आणि ग्लास धरून बोटंही हलती होतात.

मित्र सोबत असला की काळजी नाही, या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण मैत्रीच्या नावावर ते माणसाला गाफील करतं. वळणापलीकडे उभा असलेला मित्र तुम्हाला पडताना पाहू शकत नाही. नदीच्या आवाजात हाकही पोचत नाही. उलट दोघं असले की दोघांचा हट्ट एकमेकांना धरून राहतो. तो निघत नाही म्हणून मी निघत नाही, मी निघत नाही म्हणून तो. थंडीनं डोकंही बधिर होतं, आणि ज्याचं डोकं बधिर झालंय त्याला ते कळत नाही. समोरच्याला कळतं. चालताना अडखळणं, गाठ मारताना धडपडणं, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, उगाच कुरकुरणं: ही हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या उतरण्याची सुरुवात आहे. मित्राचं काम हे पाहण्याचं.

म्हणून आमचा करार गाडीतून उतरण्याआधी होतो. एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही. दोघांपैकी एकानं ‘चल रे, पुरे’ म्हटलं की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, मासा गळाला लागलेला असला तरी तो सोडवून निघायचं. एकदा माझा मित्र आमिष लावताना तीनदा हातातून पाडत होता आणि मला म्हणत होता की तो ठीक आहे. मी रॉड गुंडाळला. तो गाडीत बराच वेळ माझ्याशी बोलला नाही, मग कापायला लागला, आणि कापायला लागला तेव्हा मला हायसं वाटलं. गाडीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड दोघांचा असतो, आणि खांद्याला फेकायची दोरी. कुणी वाहून चालला तर दोरी फेकायची, आपण उडी मारायची नाही. नाहीतर वाहणारे दोन होतात. आणखी एक: काठावरचा एखादा दगड हेरून ठेवायचा. वरून पाणी सोडलं की पातळी कळत-नकळत चढते. तो दगड बुडायला लागला तर डोह कितीही भरलेला असो, आधी काठ गाठायचा.

राहता राहिला फोटो, मासा परत पाण्यात सोडण्याआधी काढतात तो. इथं मजकूर सरळ उलटा आहे. हवा शून्याखाली असताना माशाला पाण्याबाहेर काढलं की कल्ल्यांची नाजूक तंतूसारखी पातं गोठायला लागतात, डोळ्यांवरही परिणाम होतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी 1992 मध्ये रेनबो ट्राउटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दमेपर्यंत पळवलेल्या माशांपैकी हवेत न काढलेले 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत धरलेले 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेले 72 टक्के. तो प्रयोग आपल्या जानेवारीतल्या नदीपेक्षा बऱ्याच उबदार पाण्यात झाला होता, तेव्हा हेच आकडे इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पाण्याबाहेरचा एकेक सेकंद किती महाग असतो ते त्यातून दिसतं, आणि गोठवणारी हवा त्या उबदार प्रयोगात नव्हतीच.

चिनूकसारखा पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतो. स्टीलहेड मरेलच असं नाही. तो सरोवरात परतून पुन्हा येऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालणारी मादी जानेवारीत आपल्या जाळीत असते. या नदीनं 2014 च्या शरद ऋतूत थायमिनच्या, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाच्या अभावानं मोठ्या प्रमाणावर मेलेले स्टीलहेड पाहिले आहेत. तिथला मासा अक्षय नाही. तेव्हा रबरी जाळी पाण्यातच ठेवा, कोरडे लोकरी हातमोजे काढून हात ओले करा, बर्फावर मासा ठेवू नका, गळ पाण्यातच सोडवा. फोटो हवाच असेल तर मित्रानं कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा पाणी निथळेपर्यंत क्षणभर उचलावा, आणि लगेच तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवावा, तो स्वतः शेपटी मारून हात सोडवेपर्यंत.