वर्षभर फिरायला निघताय? आधी शेव किती नेणार ते ठरवा

नोकरीला रामराम ठोकून नवरा-बायकोनं वर्षभर नुसतं फिरत राहायचं, ही कल्पना तुमच्या डोक्यात शिरली असेल, तर ती काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. असल्या कल्पना निघत नाहीत. तसं असेल तर लपवाछपवीही नको. सरळ एखाद्या मराठी नाटकाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, कोणातरी काकूंच्या कानावर घाला. तिसरी घंटा होईपर्यंत बातमी पहिल्या रांगेत पोचलेली असते, रात्री इंदूरच्या सुदामानगरात, आणि सकाळी तुमच्या आईला ती तिसऱ्याच कोणाकडून कळते. तुमच्याकडून कळली नाही याचा राग ती वर्षभर पुरवून वापरते.

आता लोक कारण विचारतील. ‘जग बघायचंय’ हे इंदुरात कारण होत नाही. रजा घ्यायला इथे लग्न, बाळंतपण आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, एवढंच चालतं. त्यामुळे तुमच्या मागे आपापसात ठरतं की नोकरी गेली असावी, किंवा दोघांचं पटत नसावं. एखादे काका बाजूला घेऊन हळूच विचारतात, “सगळं ठीक चाललंय ना? पैशाबिशाचं काही?” त्यांना खुशाल ‘आहे थोडं’ म्हणा. काही नाही म्हटलं तर ते जास्त काळजीत पडतात.

राजीनामा आधी द्या, व्हिसा मग काढा. हा क्रम बिलकुल चुकवू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी कागद जमवायला बसलात की त्यात नोकरी देणाऱ्याचं रजा मंजूर केल्याचं पत्र मागितलेलं दिसेल. म्हणजे ज्या साहेबांना तुम्ही शेवटच्या दिवशी केबिनमध्ये जाऊन मनातलं सगळं ऐकवून आलात, त्यांच्याच दारात पुन्हा उभं राहायचं. शिवाय खात्यात भरपूर पैसे दाखवायचे, जे खर्च करायलाच तुम्ही निघालेले आहात. आणि एवढं करून मुक्काम किती, तर कोणत्याही 180 दिवसांत फार तर 90. वर्षभर युरोपात भटकायचं तुमचं स्वप्न तिथल्या कायद्यानं आधीच अर्धं करून ठेवलेलं आहे. परत येणार याचा पुरावाही द्यावा लागतो. इंदूरचा माणूस सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीला सोडून कायमचा कुठे जाणार, हे खरं म्हणजे पुरेसं आहे, पण अर्जात त्यासाठी रकाना नाही.

आता मुख्य विषय, सामान. प्रवासाची पुस्तकं सांगतात, कपडे कमी न्या. नक्की कमी न्या, कारण बॅगेतली बरीचशी जागा शेवेला लागणार आहे. लवंगेची लोंग शेव वेगळी, साधी वेगळी, पोह्यांवर घालायची बारीक वेगळी. ‘एवढी कशाला?’ असं बायको विचारेल. उत्तर देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत, रात्री साडेअकराला, तीच अंधारात पिशवीची गाठ सोडताना सापडेल. खव्याची मावाबाटी मात्र विमानात बसण्याआधी संपवा, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. टाकून देणं आपल्याकडे पाप, त्यामुळे विमानतळावरच्या बाकड्यावर दोघांनी मिळून अर्धा किलो मावाबाटी खाणं ही तुमच्या जागतिक प्रवासाची पहिली साहसकथा ठरेल. दुसरी साहसकथा पोटात असेल.

राहता राहिलं जीरावण, आपला वरून भुरभुरायचा मसाला. ते डब्यातून मुळीच नेऊ नका. आईनं दिलंय तसंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड लावून, नाव-गाव-लेबल काही नाही, असं न्या. तपासणीच्या यंत्रातून ती तपकिरी पूड गेली की पट्टा थांबतो. एक हातमोजेवाला येतो, पिशवी दोन बोटांत धरून प्रकाशाकडे नेतो. “हे काय आहे?” तुम्ही म्हणता, मसाला. “कशात घालता?” आता खरं सांगायचं तर पोह्यात, काकडीवर, पेरूवर, गराडूच्या कंदावर, उकडलेल्या बटाट्यावर, जे समोर येईल त्यावर. हे ऐकून त्याचा संशय वाढतो. तो रबरबँड काढतो आणि नाक जवळ नेतो. नाक जवळ नेऊ नका, असं त्याला सांगायला तुमचं इंग्रजी वेळेवर पोचत नाही. त्याला चार-पाच शिंका येतात, मागची रांग दोन पावलं सरकते, बायको ‘मी ह्यांना ओळखत नाही’ असा चेहरा करून जाहिराती वाचू लागते. पिशवी बहुधा परत मिळते. थोडी हलकी झालेली असते, एवढंच.

देशात फिरणार असाल तर ‘मन नेईल तिकडे जाऊ’ हे धोरण उत्तम. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे तुमच्या मनाला दोन महिन्यांनी कुठे जावंसं वाटणार आहे हे त्यानं आजच सांगायला हवं. नाहीतर तत्काळ आहेच. वातानुकूलित डब्यासाठी आदल्या दिवशी सकाळी 10 ला खिडकी उघडते आणि त्याच मिनिटाला तुम्ही उभे असलेल्या डोंगरावरचं नेटवर्क जातं.

पहिला मुक्काम कुठे करायचा हे ठरवायची तसदी घेऊ नका, ते तुमच्या वडिलांनी केव्हाच फोनवर ठरवलेलं आहे. बडोद्याला आत्या असते. नसेल तर शोधली जाते. तुम्ही दोघं जगाचा शोध घ्यायला, एकमेकांना नव्यानं ओळखायला वगैरे निघालेले, आणि आत्याच्या हॉलमध्ये गादीवर झोपलेले. सकाळी सेव-उसळ, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी लक्ष्मीविलास पॅलेस. “बकिंगहॅम काय घेऊन बसलात, हा त्याच्या चौपट आहे,” असं आत्या गेटपासूनच सांगू लागते. तिथून हलायची परवानगी आठवड्यानं मिळते, तीही ग्वाल्हेरच्या मावससासूबाईंचा फोन आल्यावर. पेशव्यांच्या फौजा ज्या ज्या वाटेनं गेल्या, त्या त्या वाटेवर आपलं कोणीतरी जेवायला वाढून बसलेलं आहे. एकांत हवा असेल तर मराठे जिथे कधी पोचले नाहीत असा प्रदेश निवडा. नकाशा घेऊन बसा, जरा वेळ लागेल.

दक्षिणेतही सुटका नाही. तंजावरला बृहदीश्वराचं मंदिर आहे, चोळांनी हजार वर्षांपूर्वी बांधलेलं. मान मागे टाकून शिखर बघत लोक थक्क होतात. तुम्ही मात्र खाली, भिंतीपाशी, 1803 साली कोरलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख शोधत फिरायचं, आणि तो सापडला की शेजारच्या अनोळखी कुटुंबाला सांगायचं, “हे आपलं आहे.” शिखराकडे बघायला वेळ उरला तर बघा.

काशीला गेलात तर गाईडला बोलूच देऊ नका. तो विश्वनाथ म्हणाला की तुम्ही ‘1780, अहिल्याबाई होळकर, आमच्या इंदूरच्या’ असं म्हणून मोकळे व्हा. तो घाटावर नेईल, तिथे अहिल्याबाई. गयेला विष्णुपद मंदिर, तिथे अहिल्याबाई. सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, सगळीकडे त्या आधीच जाऊन आलेल्या. चौथ्या-पाचव्या ठिकाणी बायको शांतपणे एक शंका काढते. बाई महेश्वरात बसून राज्य चालवत होत्या, तिथूनच त्यांनी एवढा मुलूख गाठला, आणि त्यासाठी त्यांना काम सोडून वर्षभर हिंडावं लागलं नाही. अशा वेळी ‘भूक लागली’ म्हणावं.

लेहला विमानानं उतरलात की डॉक्टर, हॉटेलवाला, टॅक्सीवाला, सगळे एकच सांगतात. पहिले दोन दिवस पडून राहा, पाणी प्या, धावपळ नको. कारण ठिकाण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि हवेत प्राणवायू विरळ. पण हे इतरांसाठी. तुम्ही मांडूला रूपमतीच्या मंडपापर्यंत एका दमात चढलेले, तेव्हा पिशव्या टाकून लगेच बाजारात निघा. तिसऱ्या वळणावर डोकं ठणकू लागेल. चौथ्यावर तुम्ही भिंतीला टेकून ‘जरा फोटो काढतो’ म्हणाल. संध्याकाळी नाकाला नळी लावून पडलेल्या नवऱ्याचा फोटो बायको घरच्या ग्रुपवर टाकते आणि खाली सगळ्यात आधी काकूंचं उत्तर येतं: ‘छान. जेवलात का?’

आता नाजूक विषय. आजवर तुमचा संसार टिकला त्याचं श्रेय तुम्ही प्रेमाला देत आला असाल. ते ऑफिसचं होतं. रोज दहा तास एकमेकांचं तोंड न बघण्याची ती सोय तुम्ही आपण होऊन मोडीत काढलीत, तेव्हा भांडणं होणार हे गृहीत धरा आणि जागा नीट निवडा. शहरात भांडू नका, तिथे एकजण रिक्षा करून निघून जाऊ शकतो. मेघालयात नोंगरियाट नावाचं गाव आहे, जिवंत झाडांच्या मुळांनी विणलेला दुमजली पूल तिथे आहे. पुलापर्यंत जायला तीनेक हजार पायऱ्या उतराव्या लागतात. दुसरा रस्ता नाही. उतरताना पाण्याची बाटली कोणी विसरली यावरून विषय काढा. अर्ध्या वाटेपर्यंत तो लग्नात मानपान कोणी कमी केला तिथवर पोचतो. रुसून जाणार कुठे? खाली एकच पूल, वर एकच जिना, आणि समोरून येणारी खासी आजी पाठीवर भली मोठी टोपली घेऊन तुमच्या दुप्पट वेगानं चढून जाते. परत चढताना तर तोंडातून शब्द फुटत नाही, दोघंही नुसते धापा टाकत एकमेकांना हात देत राहतात. लांबून बघणाऱ्यांना वाटतं, काय प्रेम आहे! फोटोही फार सुंदर येतो. तोच घरी फ्रेम करून लावा.

स्वच्छतेच्या बाबतीत आपला बाणा सोडू नका. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला नंबर आपल्या इंदूरचा, हे टॅक्सीवाल्यापासून सहप्रवाशापर्यंत प्रत्येकाला सांगत चला. वेफरचं रिकामं पाकीट खिशात, केळ्याचं साल दुसऱ्या खिशात, ओला आणि सुका वेगळा. फक्त जपानला जाणार असाल तर मन घट्ट करा. टोकियोत रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही, आणि कचराही सापडत नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत साल खिशात घेऊन हिंडता. गल्लीच्या टोकाला जाऊन बघता, बाकड्याखाली वाकून बघता, बायको विचारते काय हरवलं. शेवटी एवढंच समाधान उरतं की हे लोक स्वच्छ सर्वेक्षणात भाग घेत नाहीत, म्हणून आपला नंबर शाबूत आहे.

मध्येच पैसे संपत आले की ओंकारेश्वरला या. घर जवळ आहे हे कोणाला कळू देऊ नका. घाटावर नर्मदेची परिक्रमा करणारे परिक्रमावासी भेटतील. पांढरी वस्त्रं, हातात काठी, खांद्याला झोळी, त्यात कमंडलू. त्यांच्यासमोर आपल्या बॅगांवर बसून तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगायचं, “माताजी, आम्ही वर्षभरासाठी सगळं सोडून निघालोय.” सत्तरीच्या पुढच्या बाई तुमच्याकडे वत्सल नजरेनं बघतात. रीतसर परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता. “एकच वर्ष?” त्या म्हणतात. “घरी कोणी आजारी आहे का, बेटा?” आणि तुमच्या बुटांकडे बघून विचारतात, हे केवढ्याला पडले. किंमत खरी सांगू नका.

परत आल्यावर तीन कामं असतात. घर भाड्यानं दिलं असेल तर भाडेकरू निघत नाही, कारण त्याच्या मुलीचं शाळेचं वर्ष आहे. तोवर आईकडे राहा, ती राग पुरवून वापरतेच आहे. नवीन नोकरीसाठी मुलाखतीला गेलात की ‘मधलं वर्ष काय केलं?’ असं विचारतात. ‘फिरलो’ म्हणू नका, ‘घरगुती अडचण’ म्हणा. अडचणीला सगळे मान देतात. तिसरं काम म्हणजे नातेवाइकांना बोलावून टीव्हीवर फोटो दाखवणं. निवडक दाखवायचे ठरवाल तरी ते काही हजार असतात. लेह येईपर्यंत काका पेंगतात, काशी आली की काकू ‘आम्ही गेलो होतो’ म्हणून आपल्या यात्रेची कथा सुरू करतात, आणि पोहे संपले की एकेकजण चपला शोधू लागतो. म्हणून पोहे थोडे जास्तच भिजवा. जपान शेवटी आहे.