इचिरोच्या 'फुसक्या' सिंगल्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'जुना क्रिकेटवाला',

जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया आधी रात्री वाचली, मग सकाळी चहा घेताना पुन्हा. रात्री आलेला राग सकाळपर्यंत निम्मा उतरला होता. प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी तिचं सार देतो. तुमचं म्हणणं असं की हा माणूस आयुष्यभर एकेरी धावा चोरत राहिला, मनगटात ताकद नाही. ४३६७ हिट्सचा (हिट म्हणजे बाद न होता बेसवर, म्हणजे मैदानातल्या थांब्यावर, पोचवणारा फटका) 'विश्वविक्रम' जपानमधल्या हिट्स मिसळून फुगवलेला. २०१० नंतर तो संपला होता, तरी आकड्यांसाठी जागा अडवून बसला. आणि एवढं करून त्याच्या अमेरिकेतल्या संघाला, सिएटल मरिनर्सला, वर्ल्ड सिरीज (तिथल्या बेसबॉलची अंतिम मालिका) काही दाखवली नाही. शेवटी मला 'आकड्यांचा पुजारी' म्हटलंत, ते चालेल.

आधी तुमचं बरोबर आहे ते. जपानमध्ये ऑरिक्स ब्ल्यूवेव्हकडून नऊ हंगामांत १२७८ आणि अमेरिकेत १९ हंगामांत ३०८९, मिळून ४३६७. बेरीज चुकलेली नाही, पण ती मुळात करावी का, हा प्रश्न उरतोच. पीट रोझच्या ४२५६ हिट्स सगळ्या मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या. १५ जून २०१६ला सॅन डिएगोत इचिरोने दोन्हीकडच्या मिळून ४२५७व्या हिटचा टप्पा गाठला, तेव्हा रोझ वैतागला होता. रोझ काही साधुपुरुष नव्हे, पण त्या दिवशी त्याचं वैतागणं मला रास्त वाटलं. मी लेखात 'जगातला सर्वाधिक हिट्सचा विक्रम' असं ठोकून दिलं होतं. ती ओळ मागे घेतो.

पण 'जपानची लीग म्हणजे त्यांची रणजी' हे तुमचं म्हणणं पटत नाही. रणजी ही राष्ट्रीय संघाकडे जाणारी पायरी आहे. जपानमध्ये १९३६पासून व्यावसायिक बेसबॉल चालू आहे आणि तिथल्या बहुतेक खेळाडूंसाठी तीच शेवटची पायरी. हिदेओ नोमोसारखे पिचर (चेंडू टाकणारे) १९९५पासून अमेरिकेत चमकले होते, पण बॅटिंगच्या जोरावर जपानी माणूस तिथे टिकेल यावर तिकडच्या अनेकांचा विश्वास नव्हता. त्यात हा शेलाट्या अंगाचा. तरी त्याच्याशी बोलणी करण्याच्या नुसत्या हक्कासाठी सिएटलने ऑरिक्सला १.३ कोटी डॉलर मोजले. २००१मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने पहिल्याच हंगामात २४२ हिट्स मारल्या, सरासरी .३५० (म्हणजे शंभरात ३५ वेळा हिट), वर ५६ बेस चोरले (फटक्याविना पळून गाठले). सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी मिळवणारा त्याआधी एकच होता, १९७५चा फ्रेड लिन. तेव्हा जपानच्या हिट्स अमेरिकेच्या खात्यात मिसळू नयेत हे कबूल, पण रद्दीतही काढू नयेत.

आता सिंगल्स. इथे तुमची गल्लत झाली आहे आणि ती क्रिकेटमुळे झाली आहे. माझीही झाली होती. २००४च्या सप्टेंबरात ऑफिसच्या कामासाठी मी सिएटलजवळ होतो. कुणीतरी तिकीट दिलं म्हणून सामन्याला गेलो आणि राइट फील्डमागच्या, म्हणजे इचिरो क्षेत्ररक्षण करायचा त्या बाजूच्या, बाकांवर बसलो. इचिरोचा शर्टाचा आकडा ५१, म्हणून तिथले लोक त्या भागाला 'एरिया ५१' म्हणायचे. पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा त्याने चेंडू जमिनीवर, जेमतेम शॉर्टस्टॉपपर्यंत (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ढकलला. त्या पोऱ्याने स्वच्छ उचलला, जोरात फेकला, कुठेही चूक नाही. तरी हा फर्स्ट बेसच्या पलीकडे! मैदान उभं राहिलं आणि मी शेजारच्याला विचारलं, "यात एवढं काय? रन तर झालीच नाही."

तोच मुद्दा आहे. बेसबॉलमधल्या सिंगलला एकेरी धाव म्हणणं चुकीचं. सिंगल मारून धाव मिळेलच असं नाही. मिळतो तो एक बेस (चारही बेस फिरून आलं की धाव), आणि मुख्य म्हणजे बॅटर बाद होत नाही. नऊ डावांत संघाकडे सत्तावीसच 'आउट' असतात. दहापैकी सात वेळा अपयशी होणारा बॅटर या खेळात उत्तम समजला जातो. त्या हिशोबात बाद न होणं ही चोरी नव्हे, कमाई आहे.

ही कमाई तो कशी करायचा, हे तांत्रिक आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मुळात उजव्या हाताचा, पण लहानपणीच डावखुरं बॅटिंग शिकला. डावखुरा बॅटर प्लेटच्या ज्या बाजूला उभा राहतो तिथून फर्स्ट बेस पाऊल-दोन पावलं जवळ पडतो. शिवाय इचिरोचं शरीर फटका मारतानाच पुढे सरकत असायचं. बॅट चेंडूला लागते न लागते तोच पहिलं पाऊल पडलेलं. जपानमध्ये तो पुढचा पाय लंबकासारखा झुलवून मारायचा. ऑरिक्सचे त्या वेळचे मॅनेजर शोझो दोई यांना ही ढब पसंत नव्हती आणि पोरगा बराच काळ दुय्यम संघात पडून राहिला. १९९४मध्ये अकिरा ओगी आले. त्यांनी ढब तशीच ठेवली आणि शर्टावर आडनावाऐवजी नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं (सुझुकी हे आडनाव जपानात आपल्या पाटलांइतकंच खंडीभर). त्या वर्षी १३० सामन्यांच्या हंगामात २१० हिट्स, जपानमधला तेव्हाचा विक्रम. सरासरी .३८५. नव्वद फुटांवरच्या बेसपर्यंत चेंडूच्या आधी पोचायचं, तर शॉर्टस्टॉपला डावीकडे किंवा उजवीकडे दोन पावलं जास्त धावायला लावेल असा चेंडू मुद्दाम ढकलावा लागतो. ते दैव म्हणून एकदा घडेल, दोनदा घडेल. २००४मध्ये त्याच्या नुसत्या सिंगल्सच २२५ होत्या.

त्या वर्षीच्या एकूण हिट्स २६२. जॉर्ज सिस्लरने १९२०मध्ये केलेला एका हंगामातला २५७चा विक्रम ८४ वर्षं टिकला होता. १ ऑक्टोबर २००४ला सिएटलमध्ये टेक्सास रेंजर्सविरुद्ध तो मोडला, तोही तुमच्या नावडत्या फटक्याने, पिचरजवळून मधोमध गेलेल्या सिंगलने. सिस्लरची मुलगी त्या दिवशी मैदानात हजर होती; इचिरो बाकांपर्यंत गेला आणि त्या कुटुंबाशी हस्तांदोलन करून परतला. पुढे २००९मध्ये सेंट लुईसला गेला असताना त्याने सिस्लरच्या कबरीवर फुलं वाहिली.

माझा पक्ष लंगडा करणारी गोष्टही सांगून टाकतो. सिस्लरचा हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि त्यात १९ होमरन होते, इचिरोचे ८. आणि तुम्ही ज्याच्यावर अर्धवट लिहून सोडलंत तो त्या काळचा होमरनबहाद्दर बॅरी बॉण्ड्स २००४मध्येच काय करत होता? हिट्स फक्त १३५, पण पिचर त्याला घाबरून चेंडू देईनात, म्हणून २३२ वॉक (पिचरचे चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस). दर हजार खेपांपैकी ६०९ वेळा बॉण्ड्स बेसवर पोचत होता, इचिरो ४१४ वेळा. तुम्ही सिंगल्सवर बोट ठेवलंत. तुमच्या जागी मी असतो तर वॉकवर ठेवलं असतं. १९ वर्षांत फक्त ६४७ वॉक. इतक्या शिस्तीच्या माणसाने जरा जास्त चेंडू सोडले असते तर संघाचं भलंच झालं असतं. पण त्याला चेंडू मारायचा होता. हा हावरेपणा म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही.

वर्ल्ड सिरीजचं थोडक्यात आटोपतो. २००१मध्ये मरिनर्सने ११६ सामने जिंकले, १९०६च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी, आणि मग न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. मरिनर्स आजतागायत वर्ल्ड सिरीज खेळलेले नाहीत. नऊ जणांच्या बॅटिंगच्या रांगेत पहिल्याने येऊन बेसवर उभं राहणाऱ्याला मागच्यांनी घरी आणलं नाही, तर त्याने काय करावं? संघाला तो जिंकून देत नाही म्हणता? जानेवारी १९९५च्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गेली, त्या कोबे शहराला, ऑरिक्सच्या गावाला, विचारा. ऑरिक्सने त्याच वर्षी बाहीवर 'धीर धरा कोबे' अशा अर्थाचे शब्द लावून पॅसिफिक लीग (जपानच्या दोन लीगांपैकी एक) जिंकली आणि पुढच्या वर्षी जपान सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद. २००९च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, देशादेशांच्या स्पर्धेत, इचिरो जपानकडून स्पर्धाभर चाचपडत होता. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध दहाव्या डावात दोन धावा आणणारा फटका त्याचाच. तोही सिंगल, बरं का.

आता ती शेवटची नऊ वर्षं. तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त बोचलं, कारण मूळ लेखात मीच हा भाग दोन ओळींत गुंडाळला होता. हिशोब करून बघा. २००१ ते २०१०, दहा वर्षं सलग दोनशेवर हिट्स, बेरीज २२४४. उरलेल्या ८४५ पुढच्या नऊ वर्षांतल्या. म्हणजे उतरती कळा होती, वाद नाही. २०१५मध्ये मायामीच्या संघासाठी १५३ सामने आणि सरासरी .२२९. ते बघवत नव्हतं.

पण जागा अडवली म्हणता, तर कुणाची? २०१२च्या जुलैत सिएटलने त्याला यांकीजला दिलं. त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर तो पाहुण्यांच्या कपड्यांत उतरला, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि सिंगल मारली. त्या हंगामात दोन्ही संघांचे धरून तो सगळे १६२ सामने खेळला, अडतिसाव्या वर्षी. पुढे मायामीत तर तो बरेचदा बदली बॅटर असायचा. हे काम किती अवघड आहे याचा विचार करा. तीन तास बसून राहायचं, मग गार पडलेल्या अंगाने, सामना अडलेला असताना, ताज्या दमाच्या पिचरसमोर एकदाच उभं राहायचं. एकदा हुकलं की घरी. २०१७मध्ये, त्रेचाळीस वर्षांच्या इचिरोने अशा बदली खेपांमध्ये २७ हिट्स मारल्या. एका हंगामातल्या विक्रमाला एक कमी. दहा वेळा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा मान) मिळवलेला माणूस हे करत होता, आणि त्यासाठी रोज सगळ्यांच्या आधी येऊन तेच ताण, तेच व्यायाम, तीच यंत्रं. सहावीतल्या निबंधात त्याने लिहिलं होतं की तिसरीपासून वर्षाचे ३६० दिवस आपण कसून सराव करतो. पोरवयातली बढाई वाटते खरी. पण मेजर लीगमधल्या त्याच्या १९ हंगामांत दुखापतींच्या यादीत त्याचं नाव एकदाच लागलं, २००९मध्ये, पोटातल्या अल्सरमुळे. आठ सामने बाहेर बसला आणि त्या वर्षी तरीही २२५ हिट्स.

मला स्वतःला आता २००४पेक्षा २०१७चा इचिरो जास्त आवडतो. ही माझी आवड. पुरावा म्हणून पुढे करत नाही. पन्नाशी जवळ आली की आवडी बदलतात, एवढंच.

आणि आकड्यांसाठीच खेळत होता म्हणता ना? मग शेवटचे दोन सामने आठवा. मार्च २०१९, टोकियो डोम, ओकलंडविरुद्ध. सहा वेळा बॅटिंग, एक वॉक, हिट शून्य. २१ तारखेला आठव्या डावात त्याने शॉर्टस्टॉपकडे संथ चेंडू ढकलला. अगदी तोच फटका, जो मी सिएटलच्या बाकांवरून पाहिला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस जीव खाऊन धावला. अर्ध्या पावलाने बाद. मग तो राइट फील्डमध्ये जाऊन उभा राहिला आणि तिथून त्याला परत बोलावण्यात आलं. त्याच दिवशी सिएटलकडून मेजर लीगमधला पहिला सामना खेळणारा पिचर युसेई किकुची डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकांवर) ढसाढसा रडत होता. मीही, पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये फोनवर बघत होतो. समोरच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "सर, कोण हरलं?"

४३६७ची ओळ आज दुरुस्त केली आहे आणि खाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून' असं टाकलं आहे. तुमचं टोपणनाव घातलेलं चालणार असेल तर कळवा. आणि बॉण्ड्सवर तुम्ही जे अर्धवट लिहून सोडलंय ते पूर्ण लिहा की, इथेच छापतो.