माहोल उभा राहतो तो आवाजातूनच

“लाइव्ह कॉन्सर्टला माहोल बघायचा असतो. आवाज दणदणीत आणि कलाकार दमदार असला की झालं. साउंडवर कुरकुर करणाऱ्यांनी घरी हेडफोन लावून बसावं.” या अर्थाचं मत हल्ली सगळीकडे फिरतंय आणि अनेकांना ते पटतंही. मला ते मुळातच चुकीचं वाटतं.

आधी ‘दणदणीत’चं बघू. मोठा आवाज भरदार वाटतो, हे खरं. पातळी वाढली की कानाला बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला जाड आवाज, तुलनेने जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच हे दाखवून दिलं. पण तोच बेस हाताबाहेर गेला की गायकाच्या शब्दांवर चढून बसतो. स्वरांमध्ये जोर असतो, ते तग धरतात; त, स, क यांसारखी नाजूक व्यंजनं आधी बुडतात. मग चाल कळते, शब्द कळत नाहीत. शिवाय कानांची सहनशक्ती अमर्याद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. घरी परतताना कानात शीळ वाजत असेल, तर कानांवर ताण पडलाय असंच समजायचं.

“कलाकार दमदार असला की बाकी चालतं.” १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५ हजारांवर श्रोते होते. त्या किंचाळ्यांत त्यांना स्वतःचंच गाणं-वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे थांबवले. कारणं इतरही होती, पण हेही होतं. मॉनिटरमधून, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज नीट मिळाला नाही की गायक ताणून गातो, सूर चढतो-उतरतो, अवघड जागा घ्यायला तो धजत नाही. म्हणजे खराब साउंडमुळे नुकसान नुसत्या ऐकण्याचं होत नाही, गाणंच बिघडतं.

“सामान्य श्रोत्याला यातलं काय कळतं?” हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला पडद्यावर ड्रमवर काठी पडताना दिसते आणि ठोका जवळपास ०.३ सेकंदाने ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात हे अर्ध्या मात्रेहून जास्त झालं. तो त्या ठोक्यावर टाळी देतो, ती मंचावर पोचायला आणखी तेवढाच वेळ. मैदानात मध्येच स्पीकर उभे करतात ते मागच्यांना स्पष्ट ऐकू यावं म्हणून. त्यांना मोजून उशीर द्यावा लागतो, कारण तारेतून सिग्नल तत्काळ येतो आणि मंचावरचा आवाज हवेतून मागाहून. ते गणित चुकलं की एकच ठोका दोनदा ऐकू येतो. मागच्या रांगेतला माणूस ‘डिले चुकलाय’ म्हणणार नाही. तो शेजाऱ्याशी बोलू लागेल, मोबाइल काढेल. ज्या माहोलाची एवढी महती सांगतात, तो तिथेच सुटतो.

हेडफोनचा सल्ला तर अगदीच अन्यायाचा आहे. तक्रार करणारा माणूस तिकीट काढून, गर्दीत उभं राहून ऐकायला आलेला असतो. स्टुडिओतली सफाई तो मागत नाही. मैदानात थोडं घुमणार, वाऱ्याने आवाज हलणार, हे त्याला मान्य असतं. त्याचं म्हणणं इतकंच, की साउंड चेकच्या वेळी कुणीतरी आवाज जुळवायचा मिक्सर सोडून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जावं आणि तिथे शब्द कळतात का ते ऐकावं.