रिना सुटला म्हणून दे माउरो पळून गेला असं होत नाही

दादा, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की पत्रकार माउरो दे माउरोच्या खुनाच्या खटल्यातनं कोर्टानं सिसिलीच्या माफियाचा म्होरक्या तोतो रिनाला सोडलं तरी मी माफियाच्या नावानं बोंबलतोय, मुळात दे माउरो फॅसिस्ट होता, गेला असेल कुठंतरी पळून, आणि साताऱ्यात बसून सिसिलीचं पुराण कशाला, आपल्या कृष्णेतल्या वाळूवाल्यांवर लिहा की.

पळून गेला म्हणता ना, मग १६ सप्टेंबर १९७० ची रात्र बघा. पालेर्मोत घरासमोर त्यानं गाडी लावली, पोरगी फ्रांका बिल्डिंगच्या दारात, तिचं लग्न अगदी तोंडावर आलेलं. बाप आत येईना म्हणून ती बघायला गेली तर काही माणसं त्याच्याशी बोलतायत, त्यातला एक 'चल' म्हणाला तेवढं तिला ऐकू आलं, आणि दारात आलेला माणूस परत गाडीत बसून गेला. गाडी दुसऱ्या दिवशी शहरातच सापडली, तो आजपर्यंत नाही. पळायचंच होतं तर घरापर्यंत आलाच कशाला राव?

रिनाचं म्हणाल तर २०११ ला सुटला, अपिलातही तेच कायम राहिलं, मान्य. पण त्याच कोर्टानं निकालपत्रात लिहिलंय की दे माउरो मात्तेई प्रकरणात फार खोल गेला म्हणून त्याचा काटा काढला. एन्रिको मात्तेई म्हंजे इटलीच्या सरकारी तेल कंपनीचा साहेब, १९६२ च्या ऑक्टोबरात सिसिलीहून मिलानला जाताना त्याचं विमान पडलं. त्याच्यावर सिनेमा काढायचा म्हणून दिग्दर्शक फ्रान्चेस्को रोझीनं दे माउरोला त्याचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस शोधायला सांगितलेलं, आणि हा बाबा मात्तेईच्या गाल्यानोतल्या शेवटच्या भाषणाची टेप परत परत ऐकत बसायचा. एका आरोपीवर पुरावा पुरला नाही एवढाच त्या सुटकेचा अर्थ. हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला लागू नये, आपल्या डॉ. दाभोलकरांच्या खटल्यात २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, म्हणून डॉक्टरांवर गोळ्याच झाडल्या नाहीत असं कोण म्हणतंय का?

आणि फॅसिस्ट, होय, होता. देचिमा मास ह्या फॅसिस्टांच्या नौदल तुकडीत, तिचा कमांडर प्रिन्स बोर्गेसेच्या हाताखाली. नंतर तोच 'लोरा' ह्या डाव्या पेपरात आला (ज्यांच्या प्रेसवर १९५८ ला बॉम्ब टाकला होता), आणि माफिया असं काही नसतंच म्हणायची फॅशन होती त्या काळात, १९६२ ला, त्यानं अल्लेग्रा ह्या माफियातल्या डॉक्टरचा १९३७ चा पोलीस जबाब छापला, नावागावासकट. पण तुमच्या मुद्द्यात तुम्हालाच न दिसलेली एक गोष्ट आहे. दे माउरो गायब झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९७० मध्ये, ह्याच बोर्गेसेनं सरकार उलथवायचा डाव टाकला. जुन्या ओळखीतनं दे माउरोला त्याची कुणकुण लागली असावी अशी दुसरी थिअरी आहे. म्हंजे तुम्ही ज्या भूतकाळावरनं त्याला मोडीत काढताय, तोच कदाचित त्याच्या मरणाचं कारण असेल. मला स्वतःला मात्तेईची बाजू जास्त पटते, पण ही दुसरी सोडून देण्यासारखी अजिबात नाही.

वाळूचं लिहितो की, नाही कुठं म्हणतोय. तुमच्याकडं फोटो, पावत्या काही असलं तर मेल करा, तुमचं नाव कुठं येणार नाही.