ग्रहणात पोहे खाल्ले, पण सूर्य पाहिला का?

ग्रहण जवळ आलं की आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. महालातली वडीलधारी मंडळी वेध कधीपासून, स्पर्श किती वाजता, मोक्ष किती वाजता, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्र टाका, गरोदर बायकांनी काही चिरू-कापू नका, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, असे निरोप पाठवतात. धरमपेठेतली तरुण मंडळी ऐन ग्रहणात तर्री-पोहे खातानाचा फोटो टाकतात. मग दिवसभर वाद. मी तो इकडे बसून वाचते आणि मला दर वेळी एकच विचारावंसं वाटतं: यातल्या कुणी सूर्य पाहिला का? पाहिला असेल तर कशातून?

याचं उत्तर ग्रुपवर येत नाही. खावं की खाऊ नये आणि आंघोळ करावी की करू नये, एवढ्यातच आपला वाद संपतो. आकाश त्यात नसतं आणि डोळेही नसतात.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला राहते. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण याच राज्यावरून गेलं. भारतात तेव्हा रात्र होती आणि जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नाही, असं पंचांगच सांगतं. त्यामुळे नागपूर मोकळं आणि नियम आम्हाला लागू! माझी भाची तेव्हा सातव्या महिन्यात होती. मावशीचा फोन आला, "तिकडे दिसणार आहे न? मग पोरीला घरात बसव. पडदे लाव. बाहेर काय करून राहिली ती?" मावशीच्या आवाजात खरी काळजी होती, म्हणून मी ती हसण्यावारी नेली नाही. तिला एवढंच सांगितलं की बाळाचा ओठ जुळून येतो तो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. सातव्या महिन्यात सुरी हातात घेतल्याने तो ओठ पुन्हा कसा फाटेल? त्याची कारणं आनुवंशिकतेत, सुरुवातीच्या आठवड्यांतल्या धूम्रपानासारख्या गोष्टींत आणि काही औषधांत सापडतात. उलट गरोदर बाईला तासन्‌तास पाणी न देता, लघवीलाही न जाऊ देता एका जागी बसवणं हे खरंच अपायाचं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने वेध लागल्यापासून उपाशी राहणं हेही तसंच. ज्यांना श्रद्धेने जप करायचा, दान द्यायचं, त्यांनी जरूर द्यावं, माझा त्याला विरोध नाही. पण उपासाची सक्ती अशक्त माणसांवर होते तेव्हा मी पोहेवाल्यांच्या बाजूची आहे आणि तसं स्पष्ट सांगते.

भाची आली आमच्याबरोबर. ग्रहणाचा चष्मा लावून आली.

कोलंबस शहर त्या दिवशी खग्रास पट्ट्याच्या अगदी काठावर होतं. मध्यवस्तीत सूर्य ९९ टक्क्यांहून जास्त झाकला जाणार होता आणि वायव्येकडच्या डब्लिन उपनगरात पूर्ण. ऑफिसातले कितीतरी जण म्हणत होते, इथूनच ९९ टक्के दिसतंय तर गाडी घेऊन जायचं कशाला? हा हिशेब फसवा आहे. सूर्याचं प्रभामंडळ, म्हणजे खग्रासात त्याच्याभोवती दिसणारं पांढरं वलय, साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढंच तेजस्वी असतं, म्हणजे सूर्यबिंबाच्या जेमतेम दहा लाखावा भाग. सूर्याचा एक टक्का उरला तरी तो त्या प्रभामंडळाच्या सुमारे दहा हजार पट प्रखर. म्हणून ९९ टक्क्यांना अंधार पडत नाही, प्रभामंडळ दिसत नाही आणि डोळ्यांवरचा चष्मा काढता येत नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासाचा कंटाळा करून घरी थांबलेल्यांचं काय हुकलं, हे त्यांना समजावून सांगणं मला आजही जमत नाही.

आम्ही वापाकोनेटाला गेलो. नील आर्मस्ट्राँगचं हे जन्मगाव. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याच्या गावात चंद्राची सावली पडणार, म्हणून तोबा गर्दी होती. दुपारी तीन वाजून गेल्यावर ऊन विचित्र झालं. मावळतीला असतं तसं तांबूस नव्हे, राखाडी आणि धारदार. सावल्यांच्या कडा कातरल्यासारख्या ठळक झाल्या. गारवा आला, जाकिटांच्या चेनी वर गेल्या. चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून सूर्याचे शेवटचे ठिपके चमकले, त्यातला एक हिऱ्याच्या अंगठीसारखा लखलखला, विझला आणि आम्ही चष्मे काढले.

वर काळी तबकडी आणि तिच्याभोवती पांढऱ्या रेशमी ज्वाळा, सगळ्या बाजूंनी पसरलेल्या. सूर्य त्या वर्षी त्याच्या सक्रियतेच्या अकरा वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ होता, म्हणून प्रभामंडळ असं चौफेर फुललेलं. खालच्या कडेला एक गुलाबी ज्वाळा नुसत्या डोळ्यांना दिसत होती. एका बाजूला शुक्र, दुसऱ्या बाजूला गुरू. क्षितिजावर चारही दिशांना संध्याकाळ. हे सगळं जवळजवळ चार मिनिटं. माझी भाची पोटावर हात ठेवून रडत होती, मीही.

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद आणि तितकाच पट दूर, म्हणून आकाशात दोघं सारख्याच आकाराचे दिसतात. चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर सरकतो आहे, म्हणजे फार फार पुढच्या काळात पृथ्वीवरून खग्रास ग्रहण दिसणारच नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आणि त्याच्यावरचं प्रभामंडळ मात्र दहा लाख अंशांच्या वर. हे कसं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. भारताचं आदित्य-एल१ यान याच प्रभामंडळाकडे नजर रोखून बसलं आहे. आतल्या एका दुर्बिणीत सूर्यबिंबाचा प्रकाश वगळून ते कृत्रिम ग्रहणच घडवतं.

आता डोळ्यांचं. पोहेवाल्या मंडळींशी माझं भांडण इथे आहे, आणि ते आपल्या माणसाशी असावं तसं आहे. "ग्रहणात काही धोका नसतो, बिनधास्त बाहेर या," असं ते सांगतात. ग्रहणात सूर्यातून वेगळे विषारी किरण निघत नाहीत, हे अगदी खरं. पण पोरांना एवढंच सांगून गच्चीवर पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. एरवी सूर्याकडे पाहिलं की डोळे दिपतात, पाणी येतं, मान आपोआप वळते. खंडग्रास अवस्थेत एकूण झळाळी कमी होते, बाहुली मोठी होते, कुतूहल असतं, माणूस रोखून पाहत राहतो. उरलेली कोर मात्र कणभरही सौम्य झालेली नसते. तिचा प्रकाश दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावर पडतो, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अक्षरं वाकडी दिसू लागतात, नजरेच्या मध्यभागी डाग येतो. काहींचा तो महिन्यांनी कमी होतो, काहींचा राहतो. खात्रीचा उपचार नाही. २०१७ च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीच्या डोळ्याची प्रतिमा डॉक्टरांनी घेतली, तेव्हा दृष्टिपटलावरचा भाजलेला डाग कोरीच्या आकाराचा निघाला. ती पाहत होती त्याच ग्रहण लागलेल्या सूर्याचा आकार.

माझ्या लहानपणी महालातल्या गच्चीवर एक्स-रेची फिल्म हातोहात फिरायची. काजळी धरलेली काच, गॉगल, शेणाच्या पाण्याची बादली, हेही असायचं. यातलं काहीच चालत नाही. दृश्य प्रकाश कमी झाला म्हणजे सगळे किरण अडले असं नसतं. चालतो तो आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा. त्यातून घरातला दिवासुद्धा नीट दिसता कामा नये, आणि चरा किंवा भोक पडलं की तो फेकायचा. वेल्डिंगची काच चालते, पण १४ क्रमांकाची. रस्त्याकडेच्या वेल्डरकडे बहुधा त्याहून फिकी असते. दुर्बिणीला गाळणी पुढच्या भिंगावर लागते. डोळ्यांवर चष्मा आहे म्हणून दुर्बिणीतून पाहायला गेलात तर एकवटलेला प्रकाश तो चष्मा जाळून आत जाईल. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं ते फक्त पूर्ण खग्रासात, आणि सूर्याचा पहिला ठिपका परत चमकला की लगेच चष्मा. खंडग्रास किंवा कंकणाकृती ग्रहणात असा एकही क्षण येत नाही.

आणि ज्यांना चष्मा मिळाला नाही त्यांनी सूर्याकडे पाठ करावी. एका लहान आरशावर बारीक भोक पाडलेला कागद चिकटवून ऊन अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर फेकलं की सूर्याची प्रतिमा उमटते, सगळ्या वर्गाला एकदम दिसते. पिठाची चाळणी उन्हात धरली तर फरशीवर शेकडो कोरी. कडुनिंबाखाली उभे राहिलात तर जमिनीवर पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा कोरीचा. यासाठी एक पैसा लागत नाही.

इकडे सगळं शहाणपणाचं चालतं असं मी म्हणणार नाही. ओहायोत कितीतरी शाळांनी त्या दिवशी सुट्टी दिली. वाहतूक कोंडीची भीती होती, आणि एखाद्या मुलाने चष्मा काढला तर जबाबदारी कुणाची, हीही. बनावट चष्मे बाजारात आलेच. पण गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी आठवडे आधीपासून खरे चष्मे मोफत वाटले आणि ते कसे तपासायचे, कधी काढायचे, हे समजावलं. मला हेवा वाटतो तो याचा. असं आपल्याकडे होऊ शकत नाही, हे मला मान्य नाही. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे, वाचनालयं आहेत, अंधश्रद्धेविरुद्ध घरोघर फिरलेले कार्यकर्ते आहेत. त्यांच्या पिशवीत पोह्यांच्या जोडीला चष्मेही असावेत.

विदर्भाला हे परकंही नाही. २२ जानेवारी १८९८ ला चंद्राची सावली विजयदुर्गावरून शिरून वऱ्हाडावरून गेली, तेव्हा इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ पुलगावला तळ ठोकून होते. शेजारच्या तळणीला खगोलशास्त्रज्ञ ॲनी मॉन्डर यांनी प्रभामंडळाच्या लांबच लांब शिखेचं छायाचित्र घेतलं, आणि ते जगभर गाजलं. नागपूर-मुंबई रेल्वेने जाताना ही स्टेशनं खिडकीतून सरकतात. तिथल्या शाळांमध्ये हे सांगितलं जातं का? आणि ग्रहणाची गणितं तर आपल्या घरातलीच. सावलीचं कारण आर्यभटाने ४९९ साली लिहिलं आणि आपल्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघवात ग्रहणाची आकडेमोड सोपी करून दिली. मावशी ज्या पंचांगातून वेध वाचते, तेही सावलीचं गणित करूनच छापलेलं असतं.

२ ऑगस्ट २०२७ ला मोठं ग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त खग्रास असेल. ज्यांना परवडेल त्यांनी तिथे जावं. भारतातून ते खंडग्रासच दिसेल, दुपारनंतर, ऑगस्टच्या ढगांमधून दिसलं तर. भारताच्या भूमीवर खग्रास पाहायचं तर २० मार्च २०३४ ची वाट पाहावी लागेल आणि लडाखकडे जावं लागेल. २०२७ चा तो दिवस सोमवार आहे, शाळेचा. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की सुट्टी देऊ नका. चष्मे आधीच मागवा, वर्गावर्गात आरसा आणि भोक पाडलेला कागद ठेवा आणि ज्या मुलांना घरून बाहेर पडायला मनाई असेल त्यांना खोलीच्या भिंतीवरचा सूर्य दाखवा. इथल्या वाचनालयांचं माहितीपत्रक मी मराठीत करून ठेवलं आहे, कोणत्याही शाळेने मागितलं तर लगेच पाठवीन.